पावसाळ्यापूर्वीचं गोल्फ : शेवटच्या स्पर्धा रंगवायच्या कशा?

एप्रिल सरत आला की गोल्फ क्लबच्या सूचनाफलकावरची गर्दी ओसरते. मोठ्या स्पर्धा आटोपलेल्या असतात, कप वाटून झालेले असतात आणि बरेच मेंबर सुट्टीला बाहेर पडलेले असतात. फेअरवे टणक होतात, रफमधलं गवत पिवळं पडतं, सकाळी नऊनंतर ऊन सोसवत नाही. मुंबईत मोसमी पाऊस साधारण ११ जूनच्या आसपास पोचतो. त्याआधीचे चार-पाच शनिवार-रविवार मात्र आपल्या हातात असतात. अनेक क्लबांत हे दिवस नुसतेच निघून जातात, किंवा कॅप्टन नेहमीची मेडल स्पर्धा लावतो आणि तिला नेहमीचेच वीस-पंचवीस जण येतात.

ब्रिटन-अमेरिकेत हीच वेळ ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये येते. तिथे दिवस लहान होतो, पानगळीत चेंडू हरवतात, जमीन ओली होते. आपल्याकडे ऊन आणि वळीव. ऋतू वेगळा असला तरी अडचण एकच : मैदान सर्वोत्तम अवस्थेत नाही आणि माणसं कमी. म्हणून तिथल्या क्लबांनी रुळवलेले बरेच प्रकार आपल्या मे महिन्यालाही चपखल बसतात.

मोसमाच्या शेवटच्या स्पर्धेचं काम सर्वोत्तम खेळाडू शोधण्याचं नसतं. तो कोण हे फेब्रुवारीतच कळलेलं असतं. एरवी स्पर्धेकडे न फिरकणारा मेंबर यावा आणि त्याचा एखादा फटका संघाच्या कामी यावा, एवढंच तिच्याकडून अपेक्षित असतं. प्रकार निवडताना हीच कसोटी लावावी.

आधी तीन गोष्टी पाहा

पहिली गोष्ट मैदानाची. ग्रीनला भोकं पाडून वाळू भरण्याचं काम काही क्लब याच सुमारास काढतात. तसं असेल तर पुटिंगवर निकाल ठरेल असे प्रकार टाळा. फेअरवे भेगाळलेले असतील, तर तिथे चेंडू उचलून, पुसून, ठरावीक अंतरात पुन्हा ठेवण्याची मुभा देणारा स्थानिक नियम लावा आणि तो आदल्या दिवशीच फलकावर लिहा.

दुसरी गोष्ट वेळेची. मे महिन्यात सहाच्या सुमारास उजाडतं. सगळे गट एकाच वेळी वेगवेगळ्या होलवरून सुटले, म्हणजे शॉटगन पद्धतीने, तर १८ होलवर चौघांचा एकेक गट धरून ७२ जण एकदम मैदानात असतात. सव्वासहाला भोंगा वाजला तर साडेदहा-पावणेअकरापर्यंत सगळे परत येतात. तेवढं ऊनही ज्येष्ठांना जड जात असेल, तर सरळ नऊ होलची स्पर्धा ठेवा. नऊ होल खेळणं कमीपणाचं नाही.

तिसरी गोष्ट माणसांची. शाळा-कॉलेजांना सुट्टी असते, मुलं घरी असतात. पाहुणे आलेले असतात. एरवी न खेळणारे पती-पत्नीही क्लबवर येतात. कोण येणार याचा अंदाज घेतल्याशिवाय प्रकार ठरवू नका.

एकट्याने खेळायचे प्रकार

सगळ्यात सोपा प्रकार तीन क्लबांचा. नियमाने बॅगेत १४ क्लब चालतात. इथे पटर धरून फक्त तीन किंवा चार न्यायचे. बंकरमधून सात नंबरने चेंडू काढताना, अर्ध्या ताकदीचा पाच नंबर मारताना खेळाडूला हातातल्या फटक्याचा नव्याने विचार करावा लागतो. टणक जमिनीवर चेंडू भरपूर घरंगळत असल्यामुळे हा खेळ मे महिन्यात जास्तच रंगतो. बॅग हलकी, खेळ जलद, कॅडीलाही आराम. मात्र क्लबांच्या संख्येवर मर्यादा घातलेली फेरी हँडिकॅपसाठी धरली जात नाही, हे आधीच सांगून टाका.

दुसरा प्रकार निशाणाचा. प्रत्येकाला मैदानाचा पार अधिक त्याचा हँडिकॅप इतके फटके मिळतात. पार ७२ आणि हँडिकॅप १८ असेल, तर ९० फटके. नव्वदावा फटका जिथे थांबेल तिथे नाव लिहिलेलं छोटं निशाण रोवायचं. सर्वांत पुढे निशाण असलेला जिंकतो. अठरा होल संपूनही फटके उरले, तर पहिल्या होलवरून पुढे खेळत राहायचं. कोणाचं निशाण सोळाव्या ग्रीनच्या काठावर, कोणाचं सतराव्याच्या बंकरमध्ये, अशी ती रांग पाहायला संध्याकाळी मुलंसुद्धा जातात. इथे शॉटगन चालत नाही. सगळ्यांनी पहिल्या टीवरूनच सुरुवात करायला हवी.

तिसरा प्रकार एक्लेक्टिक. महिनाभरात मेंबर जितक्या फेऱ्या खेळेल, त्यांतला प्रत्येक होलचा त्याचा सर्वांत चांगला स्कोअर एका तक्त्यावर चढवत जायचा. पहिल्या आठवड्यात तिसऱ्या होलवर सहा लागले आणि पुढच्या आठवड्यात चार, तर चार धरायचे. महिनाअखेरीस १८ आकड्यांची बेरीज करायची. पूर्ण हँडिकॅप दिला तर निकाल एका बाजूला झुकतो, म्हणून अर्धा देणं बरं. या प्रकाराचा खरा उपयोग असा की मेंबर आपला एखादा आकडा सुधारायला पुन्हा पुन्हा येतो. फलक क्लब-हाउसच्या दारातच लावा, ऑफिसात नको.

आणि वैयक्तिक स्पर्धाच घ्यायची असेल, तर स्टेबलफोर्ड पद्धतीने घ्या. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबचे डॉ. फ्रँक स्टेबलफोर्ड यांच्या या पद्धतीची पहिली स्पर्धा १९३२ साली तिथेच झाली. हँडिकॅप धरून पारला २ गुण, एक फटका जास्त लागला तर १, एक कमी लागला तर ३, दोन कमी लागले तर ४. दोन किंवा अधिक फटके जास्त झाले की शून्य आणि चेंडू उचलायचा. एका होलवर नऊ लागले म्हणून सगळी सकाळ वाया जात नाही, शिवाय मागचे गटही खोळंबत नाहीत. उन्हात दुसरा मुद्दा पहिल्याइतकाच महत्त्वाचा.

जोडीने खेळायचे प्रकार

सुट्टीत घरी आलेली मुलं आणि त्यांचे आई-वडील, आजोबा आणि नातवंडं, पती-पत्नी : या जोड्यांसाठी तीन प्रकार आहेत.

फोरसम्समध्ये दोघांत एकच चेंडू. एकाने विषम क्रमांकाच्या होलवर टी-ऑफ करायचा, दुसऱ्याने सम क्रमांकाच्या, आणि पुढे आळीपाळीने मारत जायचं. चौघांचा गट असूनही दोनच चेंडू असल्याने खेळ झपाट्याने होतो. वडिलांनी चेंडू झाडाखाली घालायचा आणि मुलीने तो बाहेर काढायचा, हे इथे ठरलेलंच. हँडिकॅप दोघांच्या बेरजेच्या निम्मा : १० आणि २४ असतील तर १७.

ग्रीनसम्समध्ये दोघेही टी-ऑफ करतात, त्यांतला चांगला चेंडू निवडतात आणि तिथून आळीपाळीने खेळतात. कमी हँडिकॅपचे ६० टक्के आणि जास्त हँडिकॅपचे ४० टक्के धरतात. वरच्याच जोडीचा हिशेब ६ अधिक ९.६ म्हणजे १५.६, अर्थात १६. नवख्या जोडीदाराला हा प्रकार फोरसम्सपेक्षा सोपा जातो, कारण टीवरची चूक दुसऱ्याचा चेंडू झाकून टाकतो.

चॅपमन हा तिसरा. अमेरिकी हौशी खेळाडू डिक चॅपमन यांचं नाव त्याला मिळालं. दोघे टी-ऑफ करतात, मग चेंडूंची अदलाबदल करून एकमेकांचा दुसरा फटका मारतात, त्यानंतर एक चेंडू निवडून आळीपाळीने होल पुरा करतात. हँडिकॅप ग्रीनसम्ससारखाच. आई-वडील आणि मुलांच्या स्पर्धेसाठी मी हाच सुचवेन. प्रत्येकाला प्रत्येक होलवर किमान दोन फटके हमखास मिळतात आणि जोडीदाराच्या फटक्यावर टीका करण्याआधी माणूस विचार करतो, कारण आपलाही चेंडू त्याच्याच हातात असतो.

चौघांचे संघ

स्क्रँबल सर्वांच्या ओळखीचा. चौघेही मारतात, सर्वांत चांगला चेंडू निवडतात आणि पुन्हा चौघेही तिथूनच मारतात. याचा एक तोटा आहे : संघात एखादा तगडा खेळाडू असला तर सगळे फटके त्याचेच निवडले जातात आणि बाकीचे तिघे टाळ्या वाजवत फिरतात. त्यावर उपाय म्हणजे प्रत्येकाचे किमान तीन टी-शॉट वापरलेच पाहिजेत अशी अट. मग पंधराव्या होलवर अचानक तिसाच्या हँडिकॅपवाल्या काकांच्या टी-शॉटवर सगळ्यांचा जीव टांगलेला असतो. गंमत तीच आहे.

चौघांच्या स्क्रँबलला शिफारस केलेलं हँडिकॅपचं गणित असं : सर्वांत कमी हँडिकॅपपासून चढत्या क्रमाने २५, २०, १५ आणि १० टक्के. संघात ८, १४, २० आणि ३० असतील, तर २ अधिक २.८ अधिक ३ अधिक ३ म्हणजे १०.८, अर्थात ११. अंदाजाने आकडे देऊ नका. स्क्रँबलमधली बहुतेक भांडणं इथूनच सुरू होतात.

गोल्फच्या नियमपुस्तकात स्क्रँबल हा वेगळा प्रकार म्हणून दिलेला नाही, म्हणून अटी स्वतः लिहून काढा. निवडलेल्या जागेपासून एका क्लबच्या लांबीत, होलच्या जवळ न जाता चेंडू ठेवायचा. रफमधला चेंडू रफमध्येच, बंकरमधला बंकरमध्येच. ग्रीनवर वीतभर अंतरात. एवढं छापलं तरी पुरे.

वॉल्ट्झमध्ये चौघे आपापला चेंडू खेळतात. पहिल्या होलवर संघातला सर्वोत्तम एक स्कोअर धरायचा, दुसऱ्यावर सर्वोत्तम दोन, तिसऱ्यावर तीन. चौथ्यावर पुन्हा एक. १८ होलांत हे चक्र सहा वेळा फिरतं आणि एकूण ३६ स्कोअर मोजले जातात. मोजणी स्टेबलफोर्ड गुणांनी करा. तिसऱ्या, सहाव्या, नवव्या होलवर कोणालाच हात झटकता येत नाहीत, आणि प्रत्येकाला स्वतःचं कार्ड पूर्ण केल्याचं समाधानही मिळतं.

पिवळ्या चेंडूचा खेळ मात्र मनाची परीक्षा घेणारा. संघाला एक पिवळा चेंडू देतात. तो पहिल्या होलवर पहिल्याने खेळायचा, दुसऱ्यावर दुसऱ्याने, असा फिरत राहतो. प्रत्येक होलला पिवळ्या चेंडूचा स्कोअर आणि उरलेल्या तिघांतला सर्वोत्तम स्कोअर यांची बेरीज. चेंडू पाण्यात गेला किंवा हरवला की पिवळ्याची मोजणी तिथेच संपते. सोळा होलांत प्रत्येकाची पाळी चारदा येते; शेवटचे दोन होल कोणी खेळायचे हे संघाने तिथे पोचल्यावर ठरवायचं. ज्याचा चेंडू सर्वांत जास्त होल टिकला, त्या संघाला वेगळं बक्षीस ठेवा.

दोन फळ्यांची लढत

मोसमाचा शेवट करायला सगळ्या क्लबाने दोन बाजू घेऊन लढण्यासारखा प्रकार नाही. नमुना रायडर कपचा आहे. ती स्पर्धा १९२७ साली अमेरिकेतल्या वुस्टर इथे सुरू झाली; आज तीत २८ सामने आणि २८ गुण असतात. क्लबला एवढा पसारा नको. २४ मेंबर घ्या, कॅप्टनची बाजू आणि अध्यक्षांची बाजू अशी बारा-बारा वाटणी करा. शनिवारी सकाळी फोरसम्सचे सहा सामने, संध्याकाळी नऊ होलांत फोरबॉलचे (दोघे आपापला चेंडू खेळतात, त्यांतला चांगला स्कोअर जोडीचा) सहा, आणि रविवारी सकाळी एकेरीचे बारा. एकूण २४ गुण. साडेबारा झाले की कप तुमचा.

हँडिकॅप असे लावा : एकेरी सामन्यात दोघांतला पूर्ण फरक, फोरसम्समध्ये दोन्ही जोड्यांच्या बेरजेतल्या फरकाचा निम्मा, फोरबॉलमध्ये प्रत्येकाचे ९० टक्के घेऊन सर्वांत कमी असलेल्यापासून फरक. जोड्या लावायचं काम दोन्ही कप्तानांवर सोडा, आणि याद्या बंद पाकिटांतून एकाच वेळी उघडा. शुक्रवारच्या रात्री क्लबमध्ये यावरच चर्चा रंगेल.

हँडिकॅप नसलेले पाहुणे

पाहुण्यांना स्पर्धेत घ्यायचं तर पिओरिया पद्धत कामी येते. समितीने सहा होल गुपचूप निवडायचे : पुढच्या नवांतला एक पार-३, एक पार-४, एक पार-५ आणि मागच्या नवांतलेही तसेच तीन. खेळ संपल्यावर ते जाहीर करायचे. त्या सहा होलांवर पाहुण्याला पारपेक्षा जितके फटके जास्त लागले, त्यांना तीनने गुणायचं आणि त्याचे ८० टक्के घ्यायचे. समजा ८ फटके जास्त लागले. तिप्पट २४, त्याचे ८० टक्के १९.२, म्हणजे हँडिकॅप १९. एकूण ९६ लागले असतील तर निव्वळ ७७. यात नशिबाचा भाग मोठा आहे, म्हणून पाहुण्यांची बक्षिसं मेंबरांच्या बक्षिसांपासून वेगळी ठेवा.

अंधारातलं आणि आडवाटेचं

उन्हावर सरळ तोडगा म्हणजे रात्रीचा खेळ. उजळणारे चेंडू, निशाणाला आणि टीच्या खुणांना प्रकाशकांड्या, चार ते सहा छोटे होल, स्क्रँबल पद्धत. पाणी असलेले आणि रस्त्याला लागून असलेले होल वगळा. मे महिन्यात रात्री साप बाहेर असतात, म्हणून प्रत्येक गटाजवळ दोन तरी बॅटऱ्या हव्यात, बूट घोट्यापर्यंतचे हवेत, आणि रफमध्ये गेलेला चेंडू शोधायचा नाही असा नियमच करा.

आडवाटेच्या खेळात पहिल्या टीवरून निघून थेट चौथ्या ग्रीनवर जायचं, मधले होल ओलांडून. कागदावर नवा होल आखण्यात समितीलाच मजा येते. पण सगळे गट एकाच दिशेने, एकामागून एक सुटले पाहिजेत आणि मैदानावर दुसरा कोणीही नसला पाहिजे. शहराच्या मध्यावर, इमारतींनी आणि रहदारीने वेढलेल्या मैदानांनी या प्रकाराच्या वाटेला जाऊ नये.

व्यवस्था चुकली की सगळं चुकतं

प्रकार कितीही चांगला असला तरी पहिल्या टीवर त्याचा अर्थ समजावून सांगावा लागला, तर स्पर्धा तिथेच घसरते. अटी एका पानात मावल्या पाहिजेत. त्या पानावर संघाची रचना, हँडिकॅपचं गणित, बरोबरी झाली तर काय, आणि कार्ड कोणाकडे द्यायचं एवढं असलं की पुरे. बरोबरी फोडायला शेवटचे नऊ, मग सहा, तीन आणि एक होल पाहायची रूढ पद्धत वापरा. मात्र शॉटगनमध्ये प्रत्येकाचा शेवटचा होल वेगळा असतो, म्हणून १० ते १८ हेच शेवटचे नऊ असं लिहून ठेवा.

मेच्या उत्तरार्धात दुपारनंतर वळीव गाठतो. विजा दिसल्या की वाट पाहू नका. एक लांब भोंगा म्हणजे खेळ तत्काळ थांबवायचा, तीन छोटे म्हणजे नेहमीची स्थगिती, दोन छोटे म्हणजे पुन्हा सुरुवात. हे संकेत सुरुवातीलाच सर्वांना, कॅडींनासुद्धा, सांगा. झाडाखाली थांबायचं नाही हेही सांगा. दर तीन होलांवर पाणी, लिंबू सरबत किंवा ताक ठेवा.

बक्षिसांत रोख रक्कम नको. हँडिकॅपच्या स्पर्धेत हौशी खेळाडूला रोख बक्षीस घेता येत नाही. एका मोठ्या कपापेक्षा दहा छोटी बक्षिसं बरी : होलच्या सर्वांत जवळचा चेंडू, सर्वांत सरळ टी-शॉट, सर्वांत जास्त वेळा बंकरमध्ये गेलेला संघ. एका घरी एकच बक्षीस जाईल असं बघा.

आणि कॅडींचा एक दिवस ठेवा. मोसम संपला की त्यांची कमाई आटते. मेंबर आणि त्याचा नेहमीचा कॅडी अशी ग्रीनसम्सची जोडी खेळवा, बॅग दोघांनी मिळून उचला, त्या दिवसाचं मानधन पूर्ण द्या. १९९१ साली इंडियन ओपन जिंकणारे पहिले भारतीय व्यावसायिक गोल्फपटू अली शेर हे दिल्ली गोल्फ क्लबवर कॅडी होते. आपल्या मैदानाचा प्रत्येक उतार कॅडीला जितका माहीत असतो तितका फार थोड्या मेंबरांना असतो, हे त्या सकाळी आपोआप दिसतं.

चार आठवड्यांचा आराखडा

सगळं एकाच मोसमात करायला जाऊ नका. पहिल्या शनिवारी एक्लेक्टिकचा फलक लावा आणि तीन क्लबांची नऊ होलची स्पर्धा घ्या. दुसऱ्या आठवड्यात चौघांचा वॉल्ट्झ. संघ समितीने पाडायचे, मित्रांनी नाही. तिसऱ्यात रविवारी सकाळी आई-वडील आणि मुलांची चॅपमन, आणि सोमवारी, मैदान बंद नसेल तर, मेंबर-कॅडी जोडी. चौथ्या आठवड्यात कॅप्टन विरुद्ध अध्यक्ष, रविवारी दुपारी जेवण, बक्षिसं आणि एक्लेक्टिकचा निकाल.

क्लब लहान असेल, मेंबर साठच असतील, तर यातल्या दोनच स्पर्धा घ्या, पण त्या दरवर्षी त्याच आठवड्यात घ्या. लोक तारखा ध्यानात ठेवू लागले की निम्मं काम झालं. यंदाच्या समितीला विनंती एवढीच : मेच्या पहिल्या शनिवारची मेडल रद्द करा, एका पानाच्या अटी लिहा आणि वर्षभर स्पर्धेकडे न फिरकलेल्या दहा मेंबरांना स्वतः फोन करा.